प्रेशर हाय

हिराजी म्हात्रे ज्या दिवशी मशीन चालवायचे, त्या दिवशी त्यांच्या डब्यात मासळी नसायची. आगरी माणसाच्या डब्यात मासळी नाही म्हणजे घरात कुणी आजारी आहे किंवा देवाचा वार आहे, एवढंच आमच्या कँटीनला ठाऊक. कुणीतरी विचारायचंच, "दादा, आज कुणाचा वार?" भाकरीवर मेथीची भाजी घेत ते शांतपणे सांगायचे, "बायचा."

बाय म्हणजे मशीन. पाच फूट उंचीचं स्टीलचं पिंप, त्याला जाड काचेची एक खिडकी आणि खाली दोन पंप. पिंपातली हवा काढून टाकायची, नावापुरता आर्गॉन वायू सोडायचा, वीज लावायची, की आत जांभळा उजेड पडतो आणि धातूचे कण उडून काचेच्या पट्टीवर बसतात. असे थरावर थर चढवायचे. बोटाला माशाचं तेल राहिलं तर थर काचेला धरत नाही, हे त्यांचं म्हणणं. हातमोजे असतातच की, असं मी एकदा म्हटलं. त्यावर ते म्हणाले, की हातमोजे आपल्या हाताला असतात, बायच्या नाकाला नसतात. मी पदार्थविज्ञानाची एमएस्सी, तरी दुसऱ्या दिवशी हातमोजे घालण्याआधी हात दोनदा धुतले.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. ठाणे-बेलापूर रोडवर आमची कंपनी टेपरेकॉर्डरची हेडं बनवायची. कॅसेटचे दिवस संपत आलेत हे मालकांना आधीच कळलं असावं, कारण त्यांनी मागच्या बाजूला एक छोटी संशोधन शाखा काढली होती. माणसं तीन. प्रमुख डॉ. वेंकटेशन, मद्रासहून आलेले, हुशार आणि घाईचे. त्यांच्या हाताखाली मी, सुनीता जाधव. आणि बायपाशी हिराजीदादा.

दादा पन्नाशीचे होते. बुटके, काळेसावळे, हाताची बोटं जाड पण काचेची पट्टी उचलताना फुलाला हात लावावा तशी. मशीनरूमच्या दाराशी चपला काढायचे, त्या अशा सरळ रेषेत, की साहेब लोकही नकळत आपले बूट नीट लावायला लागले. आत गेल्यावर पिंपाला बोटाच्या पेरांनी तीनदा टकटक करायची आणि मग कान लावायचा. पंपाच्या आवाजावरून ते सांगायचे, "बायला आज बरं नाय." डॉ. वेंकटेशन यांना हा प्रकार अवैज्ञानिक वाटायचा. पण बायला बरं नाही असं दादांनी म्हटलेल्या दिवशी या साहेबांनी मशीन लावलेलं मी कधी पाहिलं नाही.

ते तळवलीचे. गावातून चालत यायचे. आमची कंपनी ज्या जमिनीवर उभी होती, तिच्यात त्यांच्या वडिलांची भातखाचरं गेली होती. मशीनरूमच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात त्यांचं खळं होतं, असं ते सांगायचे. जमीन गेल्याच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी, असं ठरलं होतं. नोकरी मिळाली, पण कंत्राटदाराकडून. नऊ वर्षं झाली तरी ते कागदावर आमच्या कंपनीचे नव्हते. त्या वर्षी मात्र पर्मनंटचं पत्र यायचं नक्की होतं. पर्सोनेलमधून निरोप आला होता, फोटो मागवले होते. दादांनी फोटो काढायला नवा शर्ट शिवला आणि त्या शर्टाची चेष्टा आम्ही सगळ्यांनी महिनाभर केली. ते हसायचे. म्हणायचे, पत्र हातात पडलं की हाच शर्ट घालून ते आधी बायला दाखवणार.

त्यांचं एक पालुपद होतं. "हाय तं हाय, नाय तं नाय." कुणी विचारो, पंप सुरू आहे का, चहा आहे का, साहेब जागेवर आहेत का, उत्तराच्या शेवटी हे यायचंच. सुरुवातीला मला ते बोलण्याची लकब वाटलं. मग केसाचा प्रकार घडला.

बायमध्ये कुठूनतरी हवा शिरत होती आणि काही केल्या सापडत नव्हती. शेवटी गळती शोधायचं उपकरण घेऊन मुंबईहून एक इंजिनियर आला. दोन दिवस त्याचं नुसतं टुकटुक चाललं. दादा मात्र पहिल्या दिवसापासून सांगत होते, की खिडकीचं रबर बघा. तिसऱ्या दिवशी खिडकी उघडली, तर रबरी कड्यावर आडवा एक पांढरा केस. एवढ्या केसाच्या वाटेनं हवा आत जात होती. डॉ. वेंकटेशन भडकले. केस कुणाचा, अशी चौकशी सुरू झाली. खरं तर त्या खोलीत पांढरे केस दोघांचे, दादांचे आणि खुद्द साहेबांचे. पण साहेब केस रंगवायचे, त्यातून एखादा पांढरा सुटायचाच, आणि हे रंगवणं आम्हाला माहीत नाही असं त्यांना वाटायचं. वाट बघितली असती तर विषय आपोआप गुंडाळला गेला असता. पण दादा पुढे झाले. म्हणाले, "माझा हाय. हाय तं हाय." दुसऱ्या दिवसापासून ते टोपीवरून पंचा गुंडाळून आत जायला लागले आणि त्यांच्या फाइलला एक इंग्रजी शेरा लागला.

आता मी काय काम करत होते ते सांगायला हवं, कारण दादांना ते माझ्याहून चांगलं सांगता यायचं.

विजेच्या प्रवाहातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला एक दिशा असते, वर किंवा खाली. इंग्रजीत तिला स्पिन म्हणतात. चुंबकीय थरातून प्रवाह गेला की त्यातले बहुतेक एकाच दिशेचे होऊन बाहेर पडतात. मग मध्ये तांब्याचा पातळ थर, आणि पलीकडे दुसरा चुंबकीय थर, निकेल आणि लोखंडाचा. प्रश्न असा, की त्या दुसऱ्या थरात शिरल्यावर ही आणलेली दिशा किती खोलवर टिकते? केसाचे दहा हजार उभे काप केले तर एका कापाची जेवढी जाडी, तेवढ्यात हा सगळा खेळ. मी सात पट्ट्या करणार होते, प्रत्येकीत शेवटचा थर आधीपेक्षा थोडा जाड. मोजमापांवरून ती खोली काढायची.

हे दादांना सांगताना मला स्पिनला शब्द सुचेना. पाठ्यपुस्तकातले शब्द सांगितले तर ते नुसते बघत राहिले. शेवटी म्हटलं, "वळण म्हणा. प्रत्येकाला आपलं एक वळण असतं."

"वलन," त्यांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे पोर दिवाले गावची, दिली तलवलीत. ओटीवर असते तवर माहेरचं बोलते. माजघरात गेली का थोडं जातं. चुलीपाशी पोचली का सासूसारखी बोलते. तुमी त्येच मोजताव ना, किती आत गेल्यावर वलन जातं त्ये?"

मी हो म्हटलं आणि हसले. डॉ. वेंकटेशन यांना इंग्रजीत सांगितलं तेव्हा तेही हसले. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मला उगाच चुकल्यासारखं वाटत राहिलं. त्याचं कारण असं, की माझं घर कोपरखैरण्यात होतं. आम्ही साताऱ्याकडचे. माझे वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी होते, पाठीवर पोती वाहायचे. कंपनीत मी सांगायचे, "बाबा मार्केटमध्ये असतात." लोक त्यांना व्यापारी समजायचे आणि मी समजू द्यायचे. त्यांना मी बजावून ठेवलं होतं, की कंपनीच्या गेटवर कधी यायचं नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझ्या बोलण्याला वर्ग हसला होता. त्यानंतर घरचं बोलणं मी घासून घासून काढून टाकलं होतं. किती खोल गेल्यावर ते गेलं, ते मला तारखेनिशी सांगता आलं असतं.

पाचव्या पट्टीचा दिवस उजाडला. मी बाहेरच्या खोलीत लॉगबुक घेऊन बसायचे, दादा आत. मधल्या काचेशेजारी बोलायला एक छोटा स्पीकर होता. लॉगबुक इंग्रजीत, ते मी लिहायचे. दादा पानाच्या शेवटी देवनागरीत सही करायचे. आर्गॉन ठरल्याइतका भरला की ते स्पीकरवर सांगायचे, "प्रेशर हाय." म्हणजे आहे, हवं तेवढं आहे, पुढे चला. मग मी काट्याकडे बघून आकडा लिहायचे. हे आमचं चार महिने बिनबोभाट चाललं होतं.

त्या दिवशी तांब्याचा थर बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की काचेची पट्टी मी उलट लावून दिली आहे. खुणेची बाजू चुकली होती, मोजमाप करताच आलं नसतं. चूक पूर्ण माझी. नियमानं ती पट्टी टाकून द्यायला हवी होती आणि सगळं पहिल्यापासून, म्हणजे तीन दिवस. साहेबांना त्या आठवड्यात आकडे हवे होते, त्यांचं परदेशातलं भाषण ठरलं होतं. मी दादांना म्हटलं, पिंप उघडा, पट्टी फिरवून परत बंद करा.

दादांनी हात मागे घेतले. म्हणाले, थर उघडा आहे, मध्येच उघडलं तर त्याला हवा लागेल. तांब्यावर हवेचा पापुद्रा धरला की पुढचा थर त्यावर बसेल, पण तांब्याला भेटणार नाही. ते तंतोतंत बरोबर होतं. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, उघडा. आणि हे लिहायची गरज नाही, कुणाला सांगायचीही नाही. त्यांनी उघडलं. पट्टी फिरवली, बंद केलं, पंप लावले. दोन तासांनी स्पीकरवर त्यांचा आवाज आला. "प्रेशर हाय." त्याच वेळी साहेबांचा फोन माझ्या कानाला होता. काट्याकडे न बघता मी लिहिलं: Pressure high. कानाला फोन इंग्रजी, हाताला वही इंग्रजी, आणि शब्द ऐकला तसाच उतरला. त्या क्षणी ती साधी चूक होती, एवढं मी स्वतःच्या बाजूनं सांगू शकते. त्यापुढचं काहीच सांगता येत नाही.

पाचव्या पट्टीत परिणाम जवळजवळ नाहीसाच झाला. सहावी, सातवी व्हायच्या आधीच डॉ. वेंकटेशन यांनी निष्कर्ष काढला, की वळण बरोबर याच खोलीवर मरतं, एकदम, कड्यावरून पडावं तसं. मला कारण माहीत होतं. मी बोलले नाही. त्यांनी ते परदेशात जाऊन सांगितलं. दोन महिन्यांत तिकडच्या एका प्रयोगशाळेनं कळवलं, की आम्ही तेच थर करून पाहिले, असं काही होत नाही. साहेब अपमानित झाले. लॉगबुक मागवलं गेलं, आणि त्या पानावर माझ्या सुवाच्य अक्षरात ते दोन शब्द होते, म्हणजे वायू प्रमाणाबाहेर आणि तरी थर चढवलेला.

चौकशी मीटिंगरूममध्ये झाली. साहेब, पर्सोनेलचे नायर, आणि दुभाषी म्हणून मी. दादा तो नवा शर्ट घालून आले होते. बोलावलंय म्हणजे पत्रच देणार, असं त्यांना वाटलं होतं.

साहेबांनी इंग्रजीत विचारलं, मी मराठीत विचारलं. "दादा, त्या दिवशी तुम्ही प्रेशर हाय असं बोललात का?"

"बोललो ना," दादा म्हणाले. "हाय तं हाय बोललो."

हे साहेबांना भाषांतराशिवाय कळलं. त्यांनी विचारलं, मग मशीन का चालू केलं?

दादा गोंधळले. इतका सोपा प्रश्न का विचारतात, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. म्हणाले, "हाय म्हनूनच चालू केली. नाय तं कशी करंन?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नायरांनी पेन उचललं. त्या खोलीत त्या शब्दाचा अर्थ कळणारी माणसं दोनच होती. एक ते, आणि दुसरी मी, जिच्या घरात सकाळ-संध्याकाळ 'हाय' शिवाय वाक्य संपत नव्हतं. मला फक्त एवढं सांगायचं होतं, की साहेब, हाय म्हणजे आहे. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की प्रेशर ठीक होतं तर थर कशानं बिघडला. शिवाय, मला हे सांगायला आज जास्त लाज वाटते, पण शिवाय हेही होतं, की तुला ही भाषा कशी येते असं कुणी विचारलं असतं.

मी भाषांतर केलं. म्हटलं, ते म्हणतात, हाय होतं म्हणूनच मी मशीन चालू केलं.

साहेब आणि नायर एकमेकांकडे बघून हसले. रागानं नाही, हताश होऊन. दादाही थोडंसं हसले, कारण आपल्या उत्तरानं साहेबांचं समाधान झालं असं त्यांना वाटलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिंप मध्ये उघडल्याचं आता मी सांगेन, म्हणून ते थांबले होते. तुम्ही सांगू नका असं मीच म्हटलं होतं, तेव्हा सांगायचा हक्क माझा, असा त्यांचा हिशेब असणार. मी लॉगबुक मिटलं.

पत्र आलं नाही. केसाचा जुना शेरा आणि हा नवा, दोन मिळून दादांना बायपासून काढलं आणि गेटजवळच्या सिलिंडरच्या शेडवर बसवलं, कंत्राटावरच. बायवर एक डिप्लोमावाला मुलगा आला. तो चपला कशाही काढायचा.

त्यानंतर आठवडाभरानं दादा मला गेटवर भेटले. इंग्रजीत 'हाय' म्हणजे जास्त, हे कुणीतरी त्यांना समजावून सांगितलं होतं. मी नजर चुकवून निघाले होते, पण त्यांनीच थांबवलं. माझ्यासाठी त्यांनी शब्द गोळा करून ठेवले असावेत, इतके सावकाश बोलले. "मॅडम, आमची बोली तुमाला नाय समजली. तुमी शिकलेल्या घरातल्या. तुमचा काय दोष? माझंच चुकलं, सुद्द बोलाया पायजे होतं."

मी काय केलं? मान हलवली. क्षमा फुकट मिळत होती, ती घेतली आणि बसस्टॉपकडे गेले.

ते खरंच शुद्ध बोलायला लागले. शेडवरून कुणी विचारलं, नायट्रोजन आहे का, तर "आहे" म्हणायचे. तो शब्द त्यांच्या तोंडी फोटोसाठी शिवलेल्या त्या शर्टासारखा वाटायचा, नवा आणि गळ्याशी आवळलेला. भरलेल्या सिलिंडरवर खडूनं 'आहे' लिहायचे आणि रिकाम्यावर 'नाही'. मोठी, गोल, शाळेतल्या पोराची अक्षरं. पालुपद त्यांनी सोडलं ते सोडलंच. रोज सकाळी मी त्या शेडवरून जायचे आणि चाळीस-पन्नास सिलिंडर मला 'आहे' 'आहे' म्हणायचे. मी दुसऱ्या गेटनं जायला लागले.

असं दीड वर्ष गेलं. एका दुपारी रिसेप्शनवरून फोन आला, की गेटवर कुणी माणूस भेटायला आलाय. मी खाली आले. शेडच्या कोपऱ्यावर पोचले आणि माझे पाय तिथेच थांबले. बाबा होते. मार्केटच्या टेंपोतून थेट आले होते, टेंपो गेटबाहेर उभाच होता. अंगात कामाची बंडी, डोक्याला टॉवेल, खांद्यावर कांद्याची फोलपटं. दादा त्यांच्यासमोर उभे होते. दोघांनीही मला पाहिलं नव्हतं.

"आमची सुनी हाय का आत?" बाबा विचारत होते. "सुनीता जाधव. तिची आई पडलीया, हात मोडलाय."

"हाय ना," दादा चटकन म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द दीड वर्षानं ऐकला. मग ते थांबले. "तुमी कोन तिचे?"

"बाप हाय तिचा."

दादा शेडमध्ये गेले. आतून स्टूल आणलं, बाबांना बसवलं, तांब्यातून पाणी दिलं. तांब्या परत घेताना त्यांना मी दिसले. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाबांकडे. पंपाचा आवाज ऐकताना ते मान तिरकी करायचे, तशी त्यांची मान तिरकी झाली होती. जे काय कळायचं ते त्यांना तेवढ्यात कळलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या घरी पन हायच बोलतान."

त्यांनी विचारलं नव्हतं. तरी मी उत्तर दिलं. म्हटलं, "हो."

एवढंच म्हटलं. त्यांच्यापुढे उभं राहून सगळं सांगायला ती वेळ होती, आणि आई पडली होती हे खरं असलं तरी एक मिनिट मिळालं असतं. ते मी घेतलं नाही. दादांनी फक्त मान हलवली आणि बाबांना हाताला धरून टेंपोत चढवलं, मागून मी चढले. म्हणाले, सांभाळून जा, आईची काळजी घ्या. बाबा त्यांना राम राम म्हणाले. आईसाठी महिनाभर रजा काढून मी कामावर परतले, तोवर दादांनी शेडचं काम सोडलं होतं. तळवलीला जाऊन भेटायचं मी पुष्कळदा ठरवलं. तळवली कंपनीपासून पंधरा मिनिटांवर होतं.

त्या दुपारी टेंपो वळायला जरा वेळ लागला. मागच्या काचेतून मला शेड दिसत होती. दादांनी पंचा पाण्यात बुडवून पिळला होता आणि ते पहिल्या सिलिंडरवरचं 'आहे' पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी खिशातून खडू काढला आणि तिथेच, मोठ्या गोल अक्षरात, 'हाय' लिहिलं. मग दुसऱ्या सिलिंडरकडे वळले.